तुतीखालची गरम लाइन

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की गिऱ्हाईक भांडायला येतं. खोटं वाटेल, पण असंच आहे. एका लॉजवाल्याला मी मागच्या अंगणातल्या लाकडाच्या बॉयलरपासून खोल्यांपर्यंत गरम पाण्याची लाइन टाकून दिली. तिला वरून लॅगिंग चढवलं, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पाइपाभोवती घालतात ते जाड आवरण. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "मिस्त्री, फसवलं की तुमी! पाइप थंडगार लागतोय, मी हात लावून बघितलाय. गरम पाणी जातच न्हाय." मी विचारलं, "शेठ, नळ सोडून बघितला का?" नळ सोडला नव्हता. मग सोडला, हात पोळला, आणि त्याबद्दलही मलाच चार शब्द ऐकवले.

पाइप हाताला गार लागतो याचा अर्थ आतला गरमपणा आतच आहे, हे माणसाला सांगून पटत नाही. रंगाऱ्याचं काम भिंतीवर दिसतं, सुताराचं दारावर दिसतं. माझं काम दिसलं, म्हणजे कुठंतरी धूर निघाला, पाणी झिरपलं, गवत करपलं, तर समजायचं काम बिघडलं. जमिनीखालच्या लाइनीचं तर विचारूच नका. आठवडाभर घाम गाळायचा आणि शेवटी सगळं स्वतःच्या हातानं पुरून यायचं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील मागावर बसायचे, मी पाइपावर बसलो. चादरी-टॉवेलचं सूत रंगवायला वाफ लागते, आणि ती वाफ बॉयलरपासून रंगाच्या हौदापर्यंत वाटेत न मरता पोचवायची, हा माझा जन्मभराचा धंदा. सुरुवातीला आम्ही पाइपावर पांढरा लगदा हातानं थापायचो. तो छातीला वाईट असतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. माझ्या बरोबरीचे काहीजण खोकून खोकून गेले. त्याची चीड मला अजून येते. नंतर काचेची लोकर आली, मग फोम आला, आणि आता तर आवरण घालूनच पाइप मिळतो. बरं झालं.

वाफेची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. वाफ दिसत नाही. किटलीतून पांढरं निघतं ते वाफेचं पाणी होऊ लागलेलं असतं. खरी वाफ भोकातून सुटते तिथं वीतभर जागेत नुसती हवा दिसते, आणि नेमका तिथंच हात गेला की संपलं. इतकी वर्षं तिच्याजवळ राहिलो, पण तिची भीती गेली नाही. जाऊही नये. म्हणून बॉयलरवाल्यांत एक नियम असतो. जोडीदारानं "आग काढ" म्हटलं की चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढायची. का, कशाला, ते मागून विचारायचं. माझा जोडीदार युसूफ वेल्डर. निम्मं आयुष्य आम्ही एकमेकांच्या शब्दावर जगलो.

आणखी एक सांगून टाकतो. आमच्या घरात तेलुगू बोलतात. बाहेर मराठी अगदी झकास, पण आला-आलीचा घोळ आमच्यात पाळण्यापासूनचा आहे. "चहा आली, बस आला" असं कुणी म्हटलं तर आमच्या घरात मान वर करून बघत नाहीत. या घोळानं वैरागजवळच्या एका वस्तीवर माझी जी शोभा झाली, ती सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलोय.

फोन एका बाईचा होता. नाव शारदा. "मामा, लाकडाचा बॉयलर घेतलाय, पन तो शेडपास्नं लांब ठेवलाय. मधी रान हाय. पानी शेडपतुर गरमच गेलं पायजे बघा."

"शेडमध्ये काय आहे?"

"अळ्या हायत."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. युसूफला सांगितलं तर तो म्हणाला, "उस्ताद, कीड्यां को अंघोळ घालते क्या?"

जाऊन बघितलं तेव्हा कळलं, रेशमाच्या अळ्या. लांबलचक शेड, आत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर तुतीचा पाला आणि पाल्यावर अळ्या सोडायच्या. उन्हाळ्या-पावसाळ्यात ठीक चालतं, पण थंडीत त्या गारठतात, खाणं सोडतात, आणि खाणं सुटलं की रेशीम कुठलं? मग शेगडी ठेवावी, तर धूर त्यांना चालत नाही. अगरबत्ती चालत नाही. शेजारच्या रानातली फवारणी चालत नाही. तंबाखू खाल्लेला हात पाल्याला लागलेलासुद्धा चालत नाही. आदल्या थंडीत शारदाताईची एक बॅच गारठून गेली आणि दुसरी शेगडीच्या धुरानं गेली. म्हणून या खेपेला बॉयलर तुतीच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसवला होता. आग तिकडे राहील, धूर तिकडेच जाईल आणि नुसता गरमपणा जमिनीखालून शेडमध्ये येईल, असा तिचा हिशेब होता. मला तो एकदम पटला.

तिचा नवरा पुण्याला कारखान्यात. घरचा कारभार सासऱ्यांकडे, आबांकडे. आबा म्हणजे ताठ कण्याचा, कमी बोलणारा माणूस, गालात कायम तंबाखूची गोळी. या तंबाखूपायी त्यांनी शेडमध्ये एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. "किड्यांसाटी मी तंबाकू सोडू व्हय?" असं म्हणायचे. आणि त्यांनी सुनेला सगळ्या भावकीदेखत सांगून टाकलं होतं, या थंडीत बॅच गेली तर तुती उपटायची आणि ऊस लावायचा. तुतीची एकेक कांडी शारदाताईनं स्वतः लावलेली. मला चहा देताना ती हसत म्हणाली, "मामा, माजी तुती तुमच्या पायपात हाय."

काम तसं सरळ होतं. तुतीच्या दोन ओळींमधून चर खणायचा, तळाला वाळू अंथरायची, वर दोन पाइप शेजारी शेजारी ठेवायचे. एकातून गरम पाणी शेडकडे जातं, शेडच्या भिंतीकडेनं फिरतं, आणि दुसऱ्यातून परत बॉयलरकडे येतं. छोटी मोटर ते फिरवत राहते. पाइप प्लास्टिकचे, कारण साध्या गरम पाण्याला तेवढं पुरतं. वाफ मात्र त्यांना सोसत नाही, मऊ पडून फुटतात. दोन्ही पाइपांभोवती फोम आणि सगळ्यावर जाड काळी नळी. पाणी गरम करणं सोपं असतं. फोम कोरडा ठेवणं अवघड. तो ओला झाला की ओली गोधडी पांघरून झोपल्यासारखं, असून नसून सारखंच.

आणि चर उघडा असतानाच अवकाळी पाऊस आला. चर काठोकाठ भरला. नळीची तोंडं आम्ही बंद करून ठेवली होती म्हणून वाचलो. पाणी उपसलं, पण काठावरच्या काळ्या मातीचा चिकटा झाला होता. पायाला मणामणाचे गोळे. मी म्हटलं, कशीतरी ढकलू आणि चर बुजवू. आबा चराच्या काठावर उभे होते. तोंडातली गोळी सावरत म्हणाले, "आत्ता न्हाय. वाफसा येऊंद्या."

मी ऐकलं, वाफ येऊ द्या.

मला वाटलं म्हाताऱ्याला परीक्षा बघायची आहे. लाइनीतून वाफ निघालेली डोळ्यानं बघितल्याशिवाय पुरायची नाही, असं काहीतरी डोक्यात घेतलंय. मी समजुतीनं सांगितलं, "आबा, या लाइनीत वाफ येत नाही. यायचीच नाही. आली तर घात होईल."

आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "येत न्हाय कसा? दरसाल येतोय की. दोन उन्हं पडली म्हंजी येतोय."

मी युसूफकडे बघितलं, युसूफ आभाळाकडे. मी मनात म्हटलं, जाऊ दे, वय झालंय. आणि मला आता खात्री आहे की आबांनीही माझ्याबद्दल मनात हेच म्हटलं असणार.

अळ्या पावसासाठी थांबणाऱ्या नव्हत्या. लहान असताना त्या दुसरीकडे वाढवतात आणि ठरल्या दिवशी घरी येतात. तशा त्या आल्या. आभाळ भरलेलंच होतं, बरेच दिवस ऊन पडेना, म्हणून आम्ही चर उघडाच ठेवून लाइन हळूहळू चालू केली. शेड उबदार झालं. मी रोज आत जाऊन बघायचो. आज दोऱ्याएवढी दिसलेली अळी काही दिवसांत बोटाएवढी. खाते, थांबते, कात टाकते, परत खाते. कात टाकायच्या आधी सगळ्या एकदम खाणं बंद करून मान वर उचलून दगडासारख्या बसतात. शेडभर एकही हलत नाही. शारदाताई म्हणायची, "कातीवर बसल्यात." त्या वेळी हळू बोलायची, चप्पल वाजवायची नाही. मी डाय हाउसच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या, गोंगाटात जन्म काढलेला माणूस. तिथं उभा राहिलो की आपोआप हात जोडले जायचे. हजारो जीव एका वेळी गप्प होतात, कुणी सांगितलं त्यांना?

त्या दिवशी त्या शेवटच्या कातीवर बसलेल्या होत्या. यातून उठल्या की भरपूर खाणार आणि कोष करणार, यातच गारठल्या तर सगळी मेहनत वाया. दुपारपासून वारं बोचरं सुटलं होतं. आणि आम्हाला लाइन पहिल्यांदाच पुरती तापवून बघायची होती, म्हणजे सांधे पक्के ठरले की चर बुजवायला मोकळे. युसूफ बॉयलरवर, मी शेडच्या दाराशी, मध्ये तुती. आबा मधेच कुठंतरी चरापाशी.

आणि आबांची हाक आली. उलट्या वाऱ्यावरून तुटत तुटत, "मिस्त्रीऽ! वाफ... आलाऽ!"

आला म्हणाले की आली, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आमच्या घरात ते शिरत नाहीच. मला एकच शब्द ऐकू आला, वाफ. प्लास्टिकचा पाइप, आत वाफ, आणि म्हातारा चराच्या काठावर! मी फोनवर ओरडलो, "युसूफ, आग काढ! लाइन सोड!" आणि चराकडे धावत सुटलो. "आबा, बाजूला व्हा! लांब व्हा!"

आबा जागचे हलले नाहीत. चराच्या काठावर हातात मूठभर माती घेऊन उभे, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू. "आवं, पळताय कुटं? वाफसा आलाय म्हनलं."

"कुठंय वाफ?"

"वाफ कुटली? वाफसा! ह्यो बगा." त्यांनी माती मुठीत दाबली. लाडूसारखा गोळा झाला. हात सोडला, गोळा खाली पडला आणि अलगद फुटून पसरला. "काल दाबली तर चिकटत हुती. उद्या दाबली तर ढेकूळ हुईल. आज वाफसा हाय. आता बुजवा."

पावसानंतर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी पेरणीजोगी होते, त्याला वाफसा म्हणतात. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या पोराला दुधाच्या दातांबरोबर येणारा हा शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा तिथं कळला. कपाळावर हात मारून मी चराच्या काठावर मटकन बसलो. तिकडून युसूफ धावत आला. हातात लोखंडी आकडी, तोंड काजळलेलं.

"निकाल्या उस्ताद! आग पूरी निकाल्या, पानी बी मार्‍या. लाइन खाली कर्‍या. क्या हुआ?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला मात्र कळेना की हसू की रडू.

तेवढ्यात शारदाताई शेडमधून बाहेर आली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. "मामा, माज्या अळ्या कातीवर बसल्यात, वारं ह्ये असलं, आन तुमी आग विझवली?" मग सासऱ्यांकडे वळली. "आन तुमाला मातीचं येवढं वरडून काय सांगायचं हुतं मामंजी? चालत यायाला पाय न्हवते?" सासऱ्यांशी ती असं बोललेलं वस्तीवर कुणी ऐकलं नसेल. आबांनी मान खाली घातली. तिनं डोळ्याला पदर लावला आणि शेडच्या खिडक्यांवर गोणपाटं बांधायला धावली.

लाइनीबरोबर बॉयलरही रिकामा झाला होता. विहिरीच्या मोटरीला लागणारी लाइट रात्रीशिवाय येणार नव्हती. घरातल्या बल्बपुरती वीज होती, तिच्यावर पाणी फिरवायची छोटी मोटर चालली असती, पण फिरवायला पाणी तर हवं! जनावरांचा हौद भरलेला होता, पण तो बॉयलरपासून बराच लांब. मी म्हटलं, "बादल्या आणा." आबांनी एक हाक मारली. या खेपेला मात्र नीट ऐकू आली. वस्तीवरची माणसं आली, बाया आल्या, घागरी, कळशा, तेलाचे डबे, दिसेल ते घेऊन रांग लागली. आबा रांगेत सगळ्यांत पुढं, हौदात उतरून बादल्या भरून देत होते. थंडीनं त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. मी म्हटलं, "आबा, बाहेर या, मी उतरतो." ते म्हणाले, "तुमी तुमचं बगा. ह्ये मला येतंय."

बॉयलर भरला. चूल ओली, लाकडं पेट घेईनात. युसूफनं तुतीच्या वाळक्या काड्या घातल्या आणि पोटावर पालथा पडून फुंकत राहिला. एकदाची आग धरली. मोटर चालू केली, आणि पुढची अडचण. लाइनीत हवा भरली होती. पाइपात हवा अडकली की पाणी पुढं सरकतच नाही. मी शेडमध्ये जाऊन भिंतीवरचा हवेचा कॉक उघडून बसलो. फुस्स, मग थुंकल्यासारखं पाणी, परत फुस्स. भिंतीवरच्या तापमापीचा काटा शारदाताई बघत होती, मी तिच्याकडे बघत होतो. काटा खाली येत होता. मांडण्यांवर एकही अळी हलत नव्हती. त्या झोपल्यात की गेल्या, मला तर सांगता आलं नसतं. विचारायची हिंमत झाली नाही.

मग कॉकमधून सलग पाणी यायला लागलं. गार. नुसतं गार. मी पाइपाच्या उघड्या तुकड्यावर तळवा ठेवून बसलो. उभ्या आयुष्यात मी किती पाइप तापवले असतील, पण त्यातल्या एकाचीही अशी वाट बघितली नव्हती. आणि तळव्याखाली काहीतरी बदललं. आधी वाटलं माझ्याच हाताची ऊब आहे. हात उचलला, दुसरा ठेवला. नाही, पाइप कोमट होता. बघता बघता गरम झाला, आणि मग हात ठेववेना. पलीकडे पेटलेल्या काड्या, मध्ये गारठलेलं रान, ओली माती, तुतीची मुळं, आणि त्या सगळ्यामधून ती आग एवढ्या लांब चालत आली होती, धुराचा एक कण न आणता. हेच काम करत केस पांढरे झाले, तरी मला त्या क्षणी ती जादू वाटली. मी ओरडणार होतो. शारदाताईनं तोंडावर बोट ठेवलं.

दिवेलागणीला काटा वर चढला. आम्ही तिघं मांडणीपाशी उभे होतो. युसूफनं टोपी काढून हातात धरली होती. बराच वेळ काही नाही. मग एका अळीनं मान खाली केली. शेजारच्या दुसरीनं केली. एक जुनी कात मागं टाकत पुढं सरकली. मग कुठं बघू नि कुठं नको असं झालं. जिकडं नजर जाईल तिकडं हालचाल. युसूफ पुटपुटला, "अल्ला..." शारदाताई मात्र सगळ्या उठेपर्यंत थांबली. आधी उठलेल्यांना आधी खायला घातलं तर मागच्या मागंच राहतात, म्हणाली. मग तिनं पाला टाकला. आणि थोड्या वेळानं तो आवाज सुरू झाला. पहाटे कुणीतरी सावकाश पीठ चाळावं तसा, पण सगळ्या शेडभर. हजारो तोंडं खात होती. मी सूत बघत वाढलो, रेशीम बघितलं, पण त्याची भूक कधी ऐकली नव्हती. डोळे भरून आले. लाजायचं काय त्यात.

दारात कुणीतरी खाकरलं. आबा होते. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. गाल सपाट, तोंडात गोळी नव्हती. दाराशी ठेवलेल्या औषधाच्या पाण्यात त्यांनी हात बुडवले, चप्पल बाहेर काढली आणि पहिल्यांदाच आत आले. मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. कान देऊन ऐकत राहिले. शारदाताई पाल्याची पाटी छातीशी धरून भिंतीला लागून उभी होती.

"किती खात्यात गं ही," आबा म्हणाले.

"आता लई खातील मामंजी. कोष करीपतुर."

आबांनी आणखी एकदा मांडण्यांवरून नजर फिरवली. "मग येवढ्या तुतीत कसं भागायचं? विहिरीवरचा तुकडा बी घे. तितं बी तुतीच लाव."

शारदाताई पाटीसकट खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आबांनी हात पुढं केला, मग काय करावं न सुचून मागं घेतला.

"रडतीस काय? ऊठ," ते म्हणाले. "त्या कडंच्यास्नी अजून पाला न्हाय मिळाला."